मुंबई सिटी एफसी : पहिली सात वर्षे कशी गेली?

अथाल (सेलवास), आमच्या प्रतिनिधीकडून

सेलवास, वापी, उंबरगाव, तलासरी, डहाणू या सगळ्या पट्ट्याला देशातल्या सर्वोच्च फुटबॉल लीगमधला सर्वात जवळचा क्लब कुठला, असं कुणी विचारलं तर उत्तर एकच : मुंबई सिटी एफसी. वापीहून गाडी पकडायची, बोरिवलीला उतरायचं, लोकलनं अंधेरी गाठायची. राज्याची हद्द मध्ये येते, पण रूळ एकच आहेत. तरीही आपल्याकडच्या पोरांना मँचेस्टर आणि माद्रिदच्या खेळाडूंची नावं पाठ असतात, आणि मुंबईचा हा क्लब कधी, कसा, कुणी काढला हे मात्र फारसं कुणाला सांगता येत नाही. म्हणून ही माहिती एका जागी.

या क्लबची सुरुवातीची वर्षं समजून घेताना एक प्रश्न डोक्यात ठेवला की सगळं सोपं होतं : दर मोसमात क्लबकडे भाड्याचं काय होतं आणि स्वतःचं काय होतं?

आधीची मुंबई

मुंबईत फुटबॉल २०१४ साली आलं असं समजू नये. रोव्हर्स कप ही देशातल्या सर्वात जुन्या स्पर्धांपैकी एक, आणि ती १८९१ पासून मुंबईत भरत होती. कूपरेजच्या मैदानावर पिढ्यानपिढ्या लोकांनी सामने पाहिले. तेव्हाचे बहुतेक संघ कंपन्यांचे असत. खेळाडूला नोकरी किंवा करार, आणि खर्च कंपनीच्या खात्यावर. महिंद्र युनायटेडनं २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकली. पण २०१० मध्ये कंपनीनं संघ बंद केला आणि देशाचा माजी विजेता संघ एका निर्णयात संपला.

मग उरला मुंबई एफसी. हा क्लब २००७ साली निघाला आणि खालिद जमील यांच्याकडे त्याचं प्रशिक्षकपद बरीच वर्षं होतं. पैसा बेताचा, मैदानाची अडचण कायमची. २०१६-१७ च्या आय-लीगमध्ये हा संघ तळाला गेला, खालच्या श्रेणीत ढकलला गेला आणि त्यानंतर बंद पडला. मुंबई सिटी एफसी आणि मुंबई एफसी हे दोन वेगळे क्लब. नावं सारखी असल्यामुळे आजही घोळ होतो.

२०१४ : एक नट, एक सीए आणि सत्तर दिवसांची लीग

आयएमजी-रिलायन्स आणि स्टार यांनी भारतीय फुटबॉल महासंघाच्या पाठिंब्यानं इंडियन सुपर लीग म्हणजे आयएसएल सुरू केली. नमुना क्रिकेटच्या आयपीएलचा : शहरांच्या नावानं फ्रँचायझी, बोली लावून मालकी. एप्रिल २०१४ मध्ये आठ शहरांचे मालक जाहीर झाले. मुंबईची मालकी मिळाली अभिनेता रणबीर कपूर आणि चार्टर्ड अकाउंटंट बिमल पारेख यांना. एक चेहरा, दुसरा हिशेब.

या लीगमध्ये सुरुवातीला खालच्या श्रेणीत घसरण्याची भीती नव्हती. तळाला गेलात तरी पुढच्या वर्षी तुमची जागा पक्की. मालकाच्या दृष्टीनं ही मोठी हमी. पण मोसम किती दिवसांचा? १२ ऑक्टोबर ते २० डिसेंबर, म्हणजे साधारण सत्तर दिवस. बाकीचे दहा महिने क्लबनं करायचं काय, हा प्रश्न तेव्हा कुणी मोठ्यानं विचारला नाही.

पहिले प्रशिक्षक होते इंग्लंडचे पीटर रीड. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी मँचेस्टर सिटीत खेळाडू आणि प्रशिक्षक अशी दुहेरी जबाबदारी सांभाळली होती. पुढे या दोन क्लबांचं नातं जुळणार आहे याची तेव्हा कुणालाच कल्पना नव्हती. लीगच्या नियमानुसार प्रत्येक संघाला एक 'मार्की' खेळाडू, म्हणजे नावाजलेला परदेशी तारा घ्यायचा होता. मुंबईनं स्वीडनचा फ्रेडी युंगबर्ग घेतला. जोडीला फ्रान्सचा निकोलस अनेल्का, जर्मनीचा मॅन्युएल फ्रीडरिश आणि गोलरक्षक म्हणून आपला सुब्रत पाल.

लीगचा अगदी पहिला सामनाच मुंबईच्या वाट्याला आला. १२ ऑक्टोबर २०१४, कोलकात्याचं सॉल्ट लेक मैदान, समोर ॲटलेटिको दि कोलकाता. इथिओपियाच्या फिक्रू तेफेरानं लीगचा पहिला गोल केला आणि मुंबई ०-३ अशी हरली.

सहा दिवसांनी नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर पहिला घरचा सामना झाला, तोही शेजारच्या पुण्याशी. मुंबईनं ५-० असा धुव्वा उडवला. ब्राझीलच्या आंद्रे मोरिट्झनं तीन गोल केले. ही आयएसएलमधली पहिली हॅटट्रिक. त्या रात्री वाटलं की गाडी रुळावर आली.

आली नव्हती. युंगबर्ग दुखापतीमुळे जेमतेम चार सामने खेळला. मुंबई आठ संघांत सातवी आली. मोसम संपला तेव्हा परदेशी खेळाडू आपापल्या वाटेनं गेले. भारतीय खेळाडूंपैकी बरेच आय-लीगच्या क्लबांकडून तात्पुरते आणलेले, ते परत गेले. स्टेडियम भाड्याचं होतं, तेही गेलं. उरलं काय? नाव, निळी जर्सी आणि लीगमधली जागा.

२०१५ : छेत्रीचे १ कोटी २० लाख

दुसऱ्या वर्षी क्लबनं अनेल्कालाच खेळाडू-प्रशिक्षक केलं. जुलै २०१५ मध्ये भारतीय खेळाडूंचा लिलाव झाला. भारताचा कर्णधार सुनील छेत्री याच्यासाठी मुंबईनं १ कोटी २० लाख रुपये मोजले. त्या लिलावातली ही सर्वात मोठी बोली. पण गंमत बघा : छेत्री आयएसएल मुंबईकडून खेळायचा आणि आय-लीग बेंगळुरू एफसीकडून. एका वर्षात दोन क्लब. पैसे मोजले तरी खेळाडू पूर्ण वर्षाचा आपला नाही.

छेत्रीनं मैदानावर मात्र हिशेब चुकता केला. ऑक्टोबर २०१५ मध्ये नॉर्थईस्ट युनायटेडविरुद्ध त्यानं हॅटट्रिक मारली, मुंबई ५-१ अशी जिंकली. आयएसएलमध्ये हॅटट्रिक करणारा तो पहिला भारतीय.

तीनच आठवड्यांनी गोव्यात फातोर्डा मैदानावर उलटं घडलं. एफसी गोवानं मुंबईला ७-० अशी मात दिली. डुडू आणि थाँगखोसिएम हाओकिप या दोघांनीही त्याच सामन्यात हॅटट्रिक केली. मुंबईचा शेवट सहाव्या क्रमांकावर झाला. प्रशिक्षक पुन्हा बदलला.

२०१६ : अंधेरीचं घर आणि फोरलान

क्लबच्या सुरुवातीच्या इतिहासात एका गोष्टीला फारसं महत्त्व दिलं जात नाही, पण ते द्यायला हवं. २०१६ मध्ये क्लब नेरूळहून अंधेरीच्या शहाजीराजे क्रीडा संकुलात आला. त्या मैदानाला नाव दिलं मुंबई फुटबॉल अरेना.

डी. वाय. पाटीलची क्षमता पन्नास हजारांहून अधिक. तिथं काही हजार लोक आले तरी मैदान ओस वाटायचं. अंधेरीचं मैदान छोटं, सात-आठ हजारांचं, गवताच्या अगदी जवळ बसायची सोय. तेवढीच माणसं आली तरी आवाज घुमतो. शिवाय पश्चिम रेल्वेच्या माणसाला नेरूळपेक्षा अंधेरी कधीही जवळची. 'वेस्ट ब्लॉक ब्लूज' या समर्थकांच्या गटाचं ढोल-घोषणांचं ठिकाण हेच मैदान झालं. अर्थात हेही भाड्याचंच. पण भाडेकरू एकाच घरात राहिला की शेजारपाजार तयार होतो, तसं झालं.

प्रशिक्षक म्हणून कोस्टारिकाचे अलेक्झांद्रे ग्विमराइस आले. मार्की खेळाडू उरुग्वेचा दिएगो फोरलान, २०१० च्या विश्वचषकातला सर्वोत्तम खेळाडू. हा तारा नुसता पोस्टरवर चमकला नाही, खेळला. १९ नोव्हेंबर २०१६ रोजी केरळ ब्लास्टर्सविरुद्ध त्यानं अंधेरीत हॅटट्रिक केली आणि मुंबई ५-० अशी जिंकली. चौदा सामन्यांत २३ गुण घेऊन मुंबई गुणतक्त्यात पहिली आली.

पण तेव्हा गुणतक्त्यात पहिलं येण्याला करंडक नव्हता. चषक बाद फेरीतूनच मिळायचा. उपांत्य फेरीत पुन्हा कोलकाता. तिकडचा सामना २-३ असा गेला, त्यात फोरलानला लाल कार्ड मिळालं. परतीच्या सामन्यात, अंधेरीत, फोरलानविना मुंबईला गोल करता आला नाही. ०-० आणि खेळ खलास.

२०१७ ते २०१९ : मोसम लांबला, क्लब झाला

२०१७ मध्ये लीगच बदलली. बेंगळुरू आणि जमशेदपूर आले, संघ दहा झाले. मोसम नोव्हेंबर ते मार्च असा चार महिन्यांचा झाला आणि आयएसएल आणि आय-लीग एकाच वेळी होऊ लागल्या. म्हणजे खेळाडूला एकच क्लब निवडणं भाग पडलं. छेत्री बेंगळुरूकडे गेला. मैदानावर उतरणाऱ्या परदेशी खेळाडूंची मर्यादा सहावरून पाचवर आली (पुढे चारवर). मार्की खेळाडूची सक्तीही उरली नाही.

याचा अर्थ सरळ आहे. आता क्लबला वर्षभराचे करार करायचे होते आणि भारतीय खेळाडू नीट निवडून सांभाळायचे होते. गोलरक्षक अमरिंदर सिंग हा या काळात मुंबईचा कणा बनला. २०१७-१८ मध्ये संघ सातवा आला. पुढच्या वर्षी पोर्तुगालचे जॉर्ज कोस्टा प्रशिक्षक झाले. पोर्टो क्लबचे ते जुने कर्णधार, २००४ ची युरोपीय चॅम्पियन्स लीग जिंकलेल्या संघातले. (ऑगस्ट २०२५ मध्ये त्यांचं निधन झालं.) त्यांच्या हाताखाली सेनेगलच्या मोदू सोगूनं गोलांचा धडाका लावला आणि मुंबई तिसरी आली. उपांत्य फेरीत मात्र घरच्याच मैदानावर एफसी गोवाकडून १-५ असा पराभव. गोव्यात जाऊन १-० जिंकून उपयोग नव्हता.

त्याच आठवड्यात अंधेरीत अंतिम सामना झाला. बेंगळुरू विरुद्ध गोवा, १७ मार्च २०१९. जादा वेळेत, सामना संपायला काही मिनिटं उरली असताना बेंगळुरूच्या बचावपटूनं डोक्यानं गोल मारला आणि चषक नेला. तो बचावपटू म्हणजे राहुल भेके. मुंबईत जन्मलेला, मुंबई एफसीकडून खेळलेला मराठी मुलगा. मुंबईच्या मैदानावर मुंबईच्या पोरानं चषक जिंकून दिला, पण दुसऱ्या शहराला. क्लबच्या पहिल्या पाच वर्षांत काय राहून गेलं, ते यावरून कळतं.

२०१९ : ६५ टक्के

२८ नोव्हेंबर २०१९ रोजी सिटी फुटबॉल ग्रुपनं मुंबई सिटीचे ६५ टक्के भागभांडवल घेतलं. उरलेले ३५ टक्के कपूर आणि पारेख यांच्याकडे राहिले. मँचेस्टर सिटीचा मालक असलेला हाच समूह. मुंबई हा त्यांचा आठवा क्लब.

याच समूहाचा न्यूयॉर्क सिटी एफसी हा अमेरिकन क्लब मुंबईचा साधारण समवयस्क. २०१३ मध्ये त्याची घोषणा झाली, २०१५ मध्ये पहिला मोसम. दाविद विया, फ्रँक लॅम्पार्ड, आंद्रेआ पिर्लो असे तारे आणले, आणि खेळायचं कुठं तर बेसबॉलच्या यांकी स्टेडियममध्ये. स्वतःचं मैदान नाही, तारे उताराला लागलेले, पहिली वर्षं चषकाविना. मुंबईचीच कहाणी, फक्त डॉलरमध्ये. त्यांनी अमेरिकन लीगचा चषक डिसेंबर २०२१ मध्ये जिंकला.

न्यूयॉर्कमध्ये त्याआधीचा धडाही आहे. १९७० साली निघालेल्या कॉसमॉस क्लबनं १९७५ मध्ये पेलेला आणलं. दोन वर्षांनी त्यांच्या एका सामन्याला ७७ हजारांहून जास्त लोक आले. त्याच साली, सप्टेंबर १९७७ मध्ये, कॉसमॉस पेलेसकट कोलकात्यात ईडन गार्डनवर मोहन बागानशी खेळला, सामना २-२ बरोबरीत सुटला. इतका गाजावाजा झालेला क्लब आणि त्याची लीग १९८५ पर्यंत दोन्ही मिटले. तारे गर्दी आणतात. गर्दी टिकवायला मात्र ताऱ्यांखेरीज आणखी काही लागतं.

२०२०-२१ : चषक आला, पण रिकाम्या मैदानात

नव्या मालकांनी सर्जिओ लोबेरा या स्पॅनिश प्रशिक्षकाला आणलं. ते आधी एफसी गोवाचे प्रशिक्षक होते. त्यांच्या मागोमाग गोव्याचे अहमद जाहू, ह्यूगो बूमूस, मूर्तादा फॉल आणि गोव्याचाच मंदार राव देसाई हे मुंबईत आले. ज्या गोव्यानं सात गोल आणि पाच गोल मारले होते, त्याच संघाचा सांगाडा मुंबईनं उचलला.

कोविडमुळे सगळा मोसम गोव्यात, प्रेक्षकांविना झाला. २८ फेब्रुवारी २०२१ रोजी मुंबईनं एटीके मोहन बागानला २-० हरवलं. दोन्ही संघांचे ४० गुण झाले, पण सरस कामगिरीवर मुंबई पहिली आली. आता पहिल्या क्रमांकाला लीग शील्ड मिळत होती आणि आशियाच्या चॅम्पियन्स लीगचं दारही उघडत होतं. १३ मार्चला फातोर्डाला अंतिम सामना, समोर पुन्हा तोच संघ. १-१ अशी बरोबरी असताना ९० व्या मिनिटाला मणिपूरच्या बिपिन सिंगनं गोल केला. शील्ड आणि चषक एकाच मोसमात जिंकणारा मुंबई हा लीगमधला पहिला क्लब ठरला.

सात वर्षं वाट पाहिलेल्या अंधेरीच्या प्रेक्षकानं हा क्षण घरी टीव्हीवर पाहिला.

त्याच वर्षी राहुल भेके मुंबईत परत आला. एप्रिल २०२२ मध्ये रियाधला इराकच्या एअर फोर्स क्लबविरुद्ध त्यानं हेडरनं विजयी गोल केला. आशियाच्या चॅम्पियन्स लीगच्या गटसाखळीत भारतीय क्लबनं जिंकलेला तो पहिला सामना. ४ मे २०२४ रोजी सॉल्ट लेकवर मोहन बागानला ३-१ हरवून मुंबईनं दुसऱ्यांदा चषक घेतला, तेव्हा कर्णधार भेकेच होता. दहा वर्षांपूर्वी पहिला सामना ०-३ हरले ते हेच मैदान.

मग प्रश्न कुठला उरला?

शेजारी पुण्याकडे बघा. पुणे एफसी २००७ मध्ये निघाला, २०१२-१३ च्या आय-लीगमध्ये दुसरा आला आणि २०१५ मध्ये बंद झाला. भारत एफसी एकच मोसम टिकला. मुंबईकडून पाच गोल खाणारा एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये संपला आणि त्याची जागा हैदराबादला गेली. यातल्या कुणालाही प्रेक्षक किंवा हौस कमी पडली असं नाही. मालकांचा हिशेब जमेना, एवढंच.

मुंबईपुढेही हीच वेळ येऊन ठेपली आहे. जुलै २०२५ मध्ये लीगच्या व्यावसायिक हक्कांचा करार मार्गी न लागल्यानं नवा मोसमच थांबवला गेला. डिसेंबर २०२५ मध्ये सिटी फुटबॉल ग्रुप मुंबई सिटीतून बाहेर पडला आणि क्लब पुन्हा मूळ मालकांच्या हाती आला. म्हणजे २०१४ ला जिथून सुरुवात झाली, मालकीच्या खात्यावर आपण तिथंच आहोत.

पण ताळेबंदाची दुसरी बाजू तशीच नाही. २०१४ च्या डिसेंबरात फक्त नाव, जर्सी आणि जागा उरली होती. आज दोन शील्ड आणि दोन चषक आहेत. अंधेरीला मैदान आहे, तिथं येणारा ठरलेला प्रेक्षक आहे, आणि मुंबईचा पोरगा मुंबईसाठी चषक उचलू शकतो हे एकदा झालेलं आहे. यातलं एकही कुणी ६५ टक्क्यांबरोबर उचलून नेऊ शकत नाही.

आपल्या भागातल्या मुलांसाठी याचा अर्थ काय? व्यावसायिक फुटबॉलचं सर्वात जवळचं दार अंधेरीला आहे. ते उघडं राहतं की नाही, हे मुंबईतल्या एका कार्यालयात ठरणार असलं, तरी त्याचा परिणाम वापीच्या पलीकडेही पोचणार आहे.

एका नजरेत

स्थापना : २०१४
पहिले मालक : रणबीर कपूर, बिमल पारेख
पहिला सामना : १२ ऑक्टोबर २०१४, कोलकाता (०-३ पराभव)
पहिला विजय : १८ ऑक्टोबर २०१४, एफसी पुणे सिटीवर ५-०
मैदान : डी. वाय. पाटील, नेरूळ (पहिले दोन मोसम). २०१६ पासून मुंबई फुटबॉल अरेना, अंधेरी
लीग शील्ड : २०२०-२१, २०२२-२३
आयएसएल चषक : २०२०-२१, २०२३-२४